ऑर्किडला तहान किती?

वास्तुशांतीला, वाढदिवसाला किंवा दिवाळीत भेट म्हणून आलेलं ऑर्किड दिवाणखान्यात विराजमान होतं तेव्हा त्याचा थाट बघण्यासारखा असतो. लांब दांड्यावर आठ-दहा पांढरी किंवा जांभळी फुलं, खाली चार-पाच जाड पानं, चकचकीत कुंडी. फुलं दोन-तीन महिने टिकतात. मग एकेक करून गळतात आणि घरातल्यांचं लक्ष पहिल्यांदाच पानांकडे जातं. पानं मऊ पडलेली असतात, त्यांवर सुरकुत्या दिसू लागतात. झाड तहानलंय असं वाटून पाणी वाढवलं जातं. आठवड्याभरात पानं आणखी लोळतात, मग पाणी आणखी वाढतं. शेवटी झाड कुंडीसकट कचऱ्यात जातं आणि 'ऑर्किड आपल्या हवेत जगत नाही' असं सगळ्यांचं एकमत होतं.

आपल्या हवेचा यात फारसा दोष नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेनुसार देशात ऑर्किडच्या 1,256 प्रजाती आहेत आणि त्यांतल्या 757 झाडांवर वाढणाऱ्या आहेत. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडावर फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी ही आमरीच. आसामात बिहूच्या वेळी मुली केसांत माळतात ते कोपौ फूलही तेच. ही झाडं बांडगुळासारखी परजीवी असतात असा समज अजून आहे. तो चुकीचा आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या आत मुळं घालून रस शोषतं. आमरी झाडाची फक्त जागा वापरते. वनस्पतिशास्त्रात अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. झाडावर वाढणाऱ्या झाडांसाठी संस्कृतात 'वंदा' असा शब्द होता. त्यावरूनच एका देखण्या ऑर्किड कुळाला 'वांडा' हे नाव पडलं आणि जगभरच्या बागांत ते आज रूढ आहे.

फांदीवर राहण्याची ही सवय नीट समजली, तर घरातल्या ऑर्किडला पाणी किती, खत किती आणि पानांची निगा कशी राखायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं जवळजवळ आपोआप मिळतात. सगळं येऊन ठेपतं ते मुळावर.

गुलाबाचं किंवा मोगऱ्याचं मूळ मातीत दडलेलं असतं. झाडावरच्या ऑर्किडचं मूळ उघड्या हवेत लोंबतं किंवा सालीला चिकटून राहतं. त्याच्यावर वेलामेन नावाचं स्पंजासारखं जाड आवरण असतं. गंमत म्हणजे या आवरणातल्या पेशी मेलेल्या, पोकळ असतात. कोरड्या असताना त्यांत हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी-पांढरं दिसतं. पाणी लागताच पोकळ्या भरतात, आवरण पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. पांढरं मूळ पाहता पाहता हिरवं होतं ते यामुळे. गेरहार्ड झोट्स आणि उवे विंकलर या संशोधकांनी 2013 मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की हे आवरण काही सेकंदांत पाण्याने भरतं, पण ते वाळायला मात्र काही तास लागतात. म्हणजे सर चुटकीसरशी येऊन गेली तरी झाडाला ती पुरते. टिपून घेतलेलं पाणी मूळ सावकाश आत ओढतं. तोवर भोवती हवा खेळत असते आणि मुळाला प्राणवायू मिळत राहतो.

आता हेच मूळ कुंडीत, सतत ओल्या मिश्रणात ठेवलं तर काय होईल? हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मुळाच्या जिवंत पेशी गुदमरतात, मग बुरशी आणि जिवाणू आपलं काम सुरू करतात. मूळ कुजलं की पाणी वर जाणं थांबतं आणि पानं सुकतात. पानांवरच्या सुरकुत्या पाणी कमी पडल्याच्या असू शकतात, तशाच पाणी जास्त झाल्याच्याही असू शकतात. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. भेट मिळालेली बहुतेक ऑर्किडं या एका गैरसमजापायी मरतात.

युरोपातही हे असंच झालं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जहाजं भरभरून ऑर्किडं इंग्लंडला जात. 'उष्णकटिबंधातलं झाड' एवढंच ऐकून माळी त्यांना कोंदट, तापवलेल्या, बंद काचघरांत ठेवत आणि ती हजारोंनी मरत. ही झाडं मुळात कुठे वाढतात, तिथे वारा किती असतो, रात्री गारवा किती असतो याची वर्णनं हळूहळू पोचली, काचघरांच्या खिडक्या उघडल्या गेल्या आणि मग कुठे ती जगू लागली.

म्हणून सुरकुतलेलं झाड हाती आलं की पाण्याचा तांब्या बाजूला ठेवावा आणि आधी मुळं तपासावीत. झाड अलगद बाहेर काढून मुळं चिमटीत धरून पाहावीत. घट्ट लागणारं मूळ जिवंत असतं, मग त्याचा रंग तपकिरी का असेना. दाबल्यावर पिचणारं, आवरण सुटून आत दोऱ्यासारखी शीर उरलेलं मूळ मेलेलं असतं. मेलेली मुळं कात्रीने कापून टाकावीत. कात्रीची पाती आधी ज्योतीवर तापवून गार होऊ द्यावीत. ही काळजी वायफळ नाही, कारण ऑर्किडमधले काही विषाणू कापण्याच्या हत्यारातूनच एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांवर कोणताही उपचार नाही. मग झाड नव्या, जेमतेम ओलसर मिश्रणात बसवून सावलीत ठेवावं आणि नवं मूळ फुटेपर्यंत खत अजिबात देऊ नये. मुळं अगदीच घट्ट, कोरडी आणि पांढरी निघाली तर मात्र झाड खरोखरच तहानलेलं आहे.

दुकानातून आलेल्या कुंडीत दोन सापळे असतात. पहिला म्हणजे बाहेरची शोभेची कुंडी. तिला तळाला भोक नसतं. घातलेलं पाणी खाली साचतं आणि मुळं त्यात उभी राहतात. आतली प्लॅस्टिकची कुंडी बाहेर काढून पाणी घालावं आणि पूर्ण निथळल्यावरच पुन्हा आत ठेवावी. दुसरा सापळा दिसत नाही. रोपवाटिकेत लहानपणी रोप शेवाळाच्या घट्ट गोळ्यात लावलेलं असतं आणि तो गोळा मोठ्या कुंडीतही मुळांच्या मधोमध तसाच राहतो. वरचं मिश्रण कोरडं झालं तरी तो आत ओलाच असतो. फुलं संपली की कुंडी बदलून हा गोळा हलक्या हाताने सोडवणं हे नव्या ऑर्किडसाठी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम.

नव्या कुंडीत माती नको, शेणखत नको, गांडूळखतही नको. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, लाकडी कोळसा, थोडे विटांचे खडे एवढं पुरतं. सोडणात मीठ आणि टॅनिन असतं, म्हणून तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावेत. कोकोपीट मात्र वापरू नये. ते सोडणाचंच असलं तरी भुशासारखं बारीक असतं आणि त्यात हवेला वाव राहत नाही. कुंडी मुळांच्या मापाची, शक्यतो पारदर्शक घ्यावी. आतल्या मुळांचा रंग बाहेरून दिसला की पाणी कधी घालायचं हे कुणाला विचारावं लागत नाही: मुळं हिरवी असतील तर थांबावं, रुपेरी झाली की घालावं. मातीच्या कुंडीत हे दिसत नाही. तिथे कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा. चार-सहा वेळा उचलली की हाताला बरोबर कळू लागतं.

पाणी सकाळी घालावं आणि घालताना हात आखडता घेऊ नये. कुंडी मोरीत ठेवून मिनिटभर पाणी आरपार वाहू द्यावं, मग निथळू द्यावी. रोज चमचाभर पाणी घालण्याची सवय सर्वांत वाईट. तिने वरचा थर कोरडा आणि आतला सदैव दमट राहतो. वाराला बांधलेलं वेळापत्रकही फारसं उपयोगाचं नाही, कारण महाराष्ट्रात हवाच एक नाही. सोडणाच्या तुकड्यांत लावलेल्या फॅलेनॉप्सिसला, म्हणजे भेट म्हणून सर्रास मिळणाऱ्या रुंद पानांच्या ऑर्किडला, एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल. तेच झाड जुलैत मुंबईत आठ-दहा दिवसही पाण्यावाचून खुशाल राहील. तिथे त्याला पाण्यापेक्षा पंख्याच्या वाऱ्याची गरज जास्त. नागपूरच्या उन्हाळ्यात कोरडी लू मुळं भाजून काढते, पण कूलर लावलेल्या खोलीत, त्याच्या थेट झोतापासून जरा दूर ठेवलेलं ऑर्किड मजेत असतं. एसीच्या खोलीत हवा कोरडी असते, हे लक्षात ठेवावं. डेंड्रोबियमच्या जाड दांड्यांत पाण्याचा साठा असतो, त्याला थोडा खाडा चालतो. मिश्रणाशिवाय नुसतं टांगलेलं वांडा मात्र उन्हाळ्यात रोज पाणी मागतं.

पाणी कोणतं, हाही प्रश्न आहे. पावसाचं उत्तम, पालिकेच्या नळाचं बहुतेक ठिकाणी चालण्याजोगं, बोअरवेलचं जड पाणी वाईट. घराघरांतून आरओ यंत्राचं बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून झाडांना घातलं जातं. हेतू चांगला आहे, पण यंत्राने गाळून काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ऑर्किडच्या मुळांना ते मानवत नाही. ते फरशी पुसायला ठेवावं.

ऑर्किडच्या कुंडीत आठवड्याला बर्फाचे तीन खडे ठेवा, असा सल्ला देणाऱ्या चित्रफितीही खूप फिरतात. उष्ण देशातल्या झाडाला बर्फ, हे ऐकूनच जाणते बागप्रेमी कपाळाला हात लावतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या संशोधकांनी याची रीतसर चाचणी घेऊन 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: सालीच्या मिश्रणातल्या फॅलेनॉप्सिसना बर्फाने अपाय झाला नाही, फुलंही तितकीच टिकली. बर्फात औषधी गुण आहे असा याचा अर्थ नव्हे. तीन खडे म्हणजे मोजकंच पाणी, आणि तेही सावकाश मुरणारं. अति पाणी घालणाऱ्या हाताला त्यामुळे आवर बसतो. पण आपल्या मे महिन्यात तेवढ्याने मुळं भिजायचीही नाहीत.

दमटपणासाठी कुंडीखाली खडे आणि पाणी भरलेली थाळी ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला अशीच घरातली साचलेली, स्वच्छ पाण्याची जागा आवडते आणि अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. थाळीने दमटपणा वाढतो तोही नाममात्र. त्यापेक्षा चार झाडं जवळजवळ ठेवलेली बरी. थाळी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा ओतून, घासून, कोरडी करावी.

खताचं गणितही मुळाच्या त्या आवरणातच आहे. रानात आमरीला खत मिळतं ते पावसाच्या पाण्यातून. वरच्या फांद्यांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजकी पानं यांच्यावरून ओघळत आलेलं पाणी मुळावर येतं. सरीच्या सुरुवातीच्या पाण्यात पोषकद्रव्यं सर्वांत जास्त असतात आणि वेलामेन नेमकं तेच टिपून धरतं. तरीही हे खत किती, तर पाण्यात जाणवणारसुद्धा नाही इतकं. अशा झाडाला टोमॅटोच्या मापाने खत घातलं की मुळांची टोकं काळी पडून जळतात.

कृषी सेवा केंद्रात मिळणारं 19:19:19 हे विद्राव्य खत घरच्या ऑर्किडला पुरेसं आहे. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच. नवी पानं-मुळं वाढत असताना आठवड्याला एकदा हे पाणी द्यावं, थंडीत महिन्याला एकदा पुरे. आधी साध्या पाण्याने मुळं भिजवून मग खताचं पाणी घालावं; कोरड्या मुळावर खत सोसत नाही. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर वाहू देऊन साठलेले क्षार धुऊन काढावेत. कुंडीच्या कडेला किंवा सोडणावर पांढरट पापुद्रा दिसला तर हे धुणं राहून गेलं आहे असं समजावं. फुलं यावीत म्हणून खताचं प्रमाण दुप्पट करणारे बरेच असतात. त्याने फुलं येत नाहीत.

स्वयंपाकघरातल्या खतांबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. केळीच्या साली भिजवलेलं पाणी, तांदळाचं धुवण, ताक, चहाचा चोथा हे सारं मातीतल्या झाडांना कदाचित चालून जाईल, कारण मातीतले असंख्य जीव ते पचवून झाडाला देतात. ऑर्किडच्या कुंडीत माती नाही. तिथे ही साखर आणि स्टार्च बुरशीला आणि चिलटांना मेजवानी ठरते आणि सोडण लवकर कुजतं. दालचिनीची पूड पानाच्या कापलेल्या जागी लावायला हरकत नाही, ती बुरशी रोखते; मुळांवर मात्र टाकू नये, त्यांना ती सुकवते.

आता पानं. घरातल्या पानांवर धूळ बसते, विशेषतः रस्त्याकडेच्या इमारतींत, आणि तेवढा उजेड कमी मिळतो. पंधरवड्याला एकदा मऊ, ओल्या फडक्याने, पान खालून तळहातावर तोलून पुसावं. बस्स. खोबरेल तेल, दूध किंवा बाजारातले चकाकी आणणारे फवारे लावू नयेत. तेलाने पर्णरंध्रं बुजतात आणि धूळ आणखी चिकटते. फॅलेनॉप्सिसची बहुतेक पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून पुसताना ती बाजूही पाहावी. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दडतात तीही तिथेच, पानांच्या बगलांत. थोडी कीड असेल तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून काढावी आणि आठवड्याने पुन्हा पाहावं. पावसाळ्यात गॅलरीत गोगलगायी येतात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.

पानांचा खरा घात होतो तो शेंड्याशी साचलेल्या पाण्याने. रानात फॅलेनॉप्सिस खोडावर तिरपं, मान खाली घातल्यासारखं वाढतं. पावसाचं पाणी पानांवरून आपोआप ओघळून जातं. कुंडीत आपण त्याला ताठ उभं करतो आणि पानांच्या बेचक्याची वाटी होते. रात्रभर तिथे पाणी राहिलं की शेंडा कुजतो. या झाडाला वाढीचं टोक एकच असतं, त्यामुळे तो गेला की झाड बहुधा गेलंच. फवारणी झाल्यावर बेचक्यातलं पाणी टिपकागदाने टिपावं आणि कुंडी बदलताना झाड किंचित कलतं बसवावं.

पानाचा रंग उजेड सांगतो. गर्द हिरवं, लांबुळकं, लोळणारं पान अंधारात असतं. असं झाड दिसायला तजेलदार असलं तरी फुलत नाही. पोपटी-हिरवं पान ठीक. पांढुरके, मग तपकिरी होणारे डाग हे उन्हाने भाजल्याचे. पूर्वेची खिडकी बहुतेकांना मानवते. सर्वांत खालचं एखादं पान वर्षाकाठी पिवळं होऊन गळलं तर घाबरू नये, ते वयाने जातं.

फॅलेनॉप्सिस आपली पर्णरंध्रं रात्री उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी वाया जात नाही. यावरून 'ऑर्किड रात्री प्राणवायू देतं, शयनगृहात ठेवा' असा प्रचार झाला आहे. प्राणवायू तयार व्हायला उजेड लागतो; रात्री तो तयार होत नाही. घरातली हवा झाडं शुद्ध करतात, हाही दावा तसाच फुगवलेला. अशा प्रयोगांचा अमेरिकेत 2019 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. खिडकी-दारातून येणाऱ्या वाऱ्याइतकं काम झाडांकडून करून घ्यायचं, तर दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं लागतील, असं त्यात दिसलं. शयनगृहात ऑर्किड ठेवायला हरकत काहीच नाही, फक्त त्याच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नये.

पुन्हा फुलण्याची किल्ली खतात नसून थंडीत आहे. चार ते सहा आठवडे तापमान साधारण 25 अंशांच्या खाली राहिलं की फॅलेनॉप्सिसला दांडा फुटतो. पुण्या-नाशिकच्या घरांत डिसेंबर-जानेवारीत हे सहज जमतं. मुंबईत आणि किनाऱ्यावर ते अवघड. तिथे उकाडा मानवणारं डेंड्रोबियम जास्त समाधान देतं. घाटातल्या झाडांवरची आमरी उपटून आणण्याचा मोह मात्र कुणी धरू नये. रोपवाटिकेतली रोपं प्रयोगशाळेत वाढवलेली, कुंडीला सरावलेली असतात. रानातलं रोप फांदीवरून सुटलं की सहसा घरी तग धरत नाही आणि रानातली जागाही रिकामी होते.

कधी कधी जुन्या दांड्यावर फुलाऐवजी इवलं रोपच फुटतं. त्याला लगेच तोडायचं नाही. दांडा तसाच ठेवावा, त्या पिल्लावर अधूनमधून पाणी फवारावं. दोन-तीन पानं आणि बोटभर लांबीची चार मुळं आली, की दांड्याचा तुकडा ठेवून कापावं आणि लहान कुंडीत, सोडणाच्या बारीक तुकड्यांत लावावं. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात.